भिंती नसलेलं पाचशे सतरा

निवृत्तीनंतरची सात वर्षं मी आठवड्यातून दोनदा एकशे आठ संडासांत पाणी सोडत होतो. हे वाक्य वाचून सुलभा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, दिवाळी अंक आहे. लोक चकल्या खात खात वाचतात." पण माझ्या कामाची याहून खरी सुरुवात मला सापडली नाही, म्हणून ठेवली.

हवाई दलात मी विमानांच्या विद्युत यंत्रणेवर होतो. शेवटची बदली चंडीगडला झाली, मुलगी इथे कॉलेजात गेली, आणि संगमनेरला परत जायचं जायचं म्हणत आम्ही इथेच राहिलो. घरात बसवेना म्हणून नोकरी धरली. शेजारच्या मोहालीत, सेक्टर ६७च्या पुढे, नऊ मजल्यांची काचेची ऑफिस-इमारत होती. तिचा मी मॅनेजर. हाताखाली एक सफाईवाला आणि हरनाम सिंग नावाचा गार्ड. हरनाम फौजेतून हवालदार होऊन सुटलेला. तो मला 'तांबे साब' म्हणायचा आणि दिवसातून एकदा तरी कडक सॅल्यूट ठोकायचा, कारण दुसरं कोणी सॅल्यूट करण्याजोगं तिथे येतच नव्हतं.

मी रुजू झालो तेव्हा चार मजले भरलेले होते. खाली कँटीन होती, शेजारच्या औषधशास्त्राच्या संस्थेतली पोरंपोरीही तिथे पराठे खायला यायची. मग लॉकडाऊन आलं. माणसं पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी गेली. खुर्च्यांच्या पाठीवर स्वेटर, ड्रॉवरमध्ये अर्धी बिस्किटं, फळ्यावर त्या आठवड्याची कामं. पंधरा दिवसांचे महिने झाले, कंपन्यांना कळलं की घरूनही काम होतं, आणि एकेक करत त्यांनी जागा सोडल्या. त्याच काळात आजूबाजूला अशाच आणखी इमारती पुऱ्या होत होत्या. रस्त्यावरून बघितलं तर सगळं चकचकीत, आत मात्र एकेका इमारतीत आमच्यासारखी दोन-तीन माणसं आणि कबुतरं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रिकामी इमारत सांभाळायला काय लागतं, कुलूप घातलं की झालं. कुलूप घातलं की ती मरायला लागते. संडासाच्या वाकड्या नळीत जे थोडं पाणी साठून असतं, ते गटाराची हवा आत येऊ देत नाही. कोणी वापर केला नाही की ते आटतं आणि पंधरा दिवसांत सगळा मजला गटारासारखा वास मारतो. म्हणून दर मजल्यावर बारा, असे एकशे आठ. जपमाळेच्या मण्यांइतके. लिफ्ट फिरवली नाही तर तिचे दोर गंजतात. आगीचा पंप चालवला नाही तर आग लागेल तेव्हा तो चालत नाही. काचेच्या सांध्यात पिंपळ उगवतो. मी रोज सकाळी साडेनऊला वरच्या मजल्यावरून सुरुवात करून खाली यायचो आणि जे केलं ते लॉगबुकात लिहायचो. हवाई दलाची सवय. लिहिलं नाही ते केलं नाही.

अशा इमारतीत दिवसाढवळ्या एकट्याने फिरताना सुरुवातीला मला भीती वाटली, हे आता सांगायला हरकत नाही. रात्रीचा अंधार समजू शकतो. पण सकाळचे अकरा वाजलेत, काचेतून स्वच्छ ऊन येतंय, दोनशे टेबलं ओळीने मांडलेली आहेत आणि एक माणूस नाही, हे डोळ्यांना पटत नाही. दिव्यांना सेन्सर होते. माणूस हलला की ते लागतात, नाही हलला की काही मिनिटांनी विझतात. मी या टोकाला उभा असताना त्या टोकाचा दिवा लागायचा. कधी कबुतर असायचं, कधी उडालेला कागद. कधी मी तिथपर्यंत चालत जाऊन काहीच नसायचं.

एकदा दुसऱ्या मजल्यावर फोन वाजला. तिथे पूर्वी एका फ्रिज कंपनीचं तक्रार केंद्र होतं. ते जाऊन वर्ष झालं होतं. फोन सगळे काढून नेले होते, फक्त रिसेप्शनच्या टेबलाखाली एक जुना लँडलाइन राहून गेला होता, आणि त्याची लाइन कोणी बंद केलीच नव्हती. मी गुडघ्यांवर बसून तो उचलला. पलीकडून एक बाई हिंदीत म्हणाल्या, "देखो, मेरा फ्रिज चार दिन से बंद है, तुम्हारा माणूस अभीतक नाही आया." हिंदीच्या आडून असं खणखणीत मराठी आलेलं ऐकून मी म्हणालो, "ताई, इथलं ऑफिस बंद झालंय. इथे कोणी नाही."

बाई मराठीत म्हणाल्या, "कोणी नाही, मग तुम्ही कोण बोलताय?"

त्या अमरावतीहून बोलत होत्या. मी त्यांना फ्रिज थोडा पुढे ओढून मागची वायर बघायला सांगितली, मला जेवढं कळतं तेवढं सांगितलं, आणि फ्रिज सुरू झाला. त्यानंतर मी रोज त्या टेबलापाशी थोडा थांबायचो. फोन पुन्हा वाजला नाही.

हळूहळू मी इमारतीचे आवाज शिकलो. दुपारी काच तापली की कडकड वाजते. वारा असला की लिफ्टच्या दारांतून शीळ येते. आणि सकाळी साडेदहाला मी पाण्याचा पंप सुरू केला की वर टाकीत पाणी चढताना मागच्या जिन्याजवळचा पाइप भिंतीवर आपटतो. ठक ठक ठक, मग थोडं थांबून पुन्हा ठक ठक ठक. दुपारपर्यंत चालायचं. हरनाम पहिल्यांदा ते ऐकून पायऱ्यांवर अडून बसला होता. मी त्याला पाइप दाखवला, तेव्हा तो हलला. प्रत्येक आवाजाला कारण असतं आणि ते मला माहीत असतं, याचा मला अभिमान होता.

आता पाचव्या मजल्याचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

पाचवा मजला म्हणजे एक मोठा मोकळा हॉल. भिंत नाही, फरशी नाही, नुसतं सिमेंट आणि खांब. पण कागदावर त्या हॉलमध्ये चाळीस ऑफिसं होती आणि ती चाळीस माणसांना विकलेली होती. बिल्डरचं म्हणणं असं की भिंती घालायच्याच नाहीत, सगळा मजला एखाद्या मोठ्या कंपनीला भाड्याने द्यायचा आणि भाडं मालकांत वाटायचं. मोठी कंपनी कधी आलीच नाही. मालक मात्र होते. प्रत्येकाकडे रजिस्ट्री, नंबर, आणि नकाशावर एक लाल चौकोन.

एका मंगळवारी हरनाम एका म्हाताऱ्या बाईंना घेऊन माझ्या खोलीत आला. पांढरी सलवार-कमीज, पांढरी चुन्नी, हातात कापडी पिशवी. सत्तरीच्या पुढच्या. त्यांचं नाव गुरमेज कौर; इकडे वडीलधाऱ्या बाईंना म्हणतात तसं आम्ही त्यांना बीबीच म्हणायला लागलो. त्या पंजाबीत बोलायच्या, मी हिंदीत. इथे बहुतेक मराठीतच लिहितो.

बीबींनी पिशवीतून कागद काढले. "पुत्तर, पाचशे सतरा नंबर दाखव."

मी म्हणालो, "बीबीजी, तिथे बघण्यासारखं काही नाही."

"माझं आहे ना? मग दाखव."

वर नेलं. तो एवढा मोठा मोकळा हॉल बघून त्या दारातच थांबल्या. "यातलं कुठलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मालक फोन करायचे, भाडं कधी सुरू होणार म्हणून. जागा कुठे आहे, असं कोणी विचारलं नव्हतं. मी खाली जाऊन नकाशा, मोजपट्टी आणि खडू आणला. नकाशात खांबांना नंबर असतात. कुठल्या खांबापासून किती फूट पूर्वेला, किती दक्षिणेला, असं मोजत मोजत मी सिमेंटवर एक चौकोन काढला. पट्टीचं दुसरं टोक बीबींनी धरलं होतं. चौकोन पुरा झाल्यावर त्या म्हणाल्या, "दार कुठे?" नकाशात दार पश्चिमेला होतं. तिथली तीन फूट रेघ मी बुटाने पुसली. बीबींनी जुत्त्या बाहेर काढल्या आणि त्या दारातून आत गेल्या.

आत उभं राहून चारी बाजूंना बघून म्हणाल्या, "आमच्या शेतावर ट्यूबवेलच्या पंपाची खोली होती, ती याहून मोठी होती."

त्यांची जमीन मुल्लानपूरच्या बाजूला होती. नवीन वसाहत झाली तेव्हा ती गेली. आलेल्या पैशातून त्यांच्या नवऱ्याने मुलांना हवं ते दिलं आणि उरलेल्यात हे ऑफिस घेतलं. "म्हणाला, शेत गेलं तरी जमीन पाहिजे, मग ती पाचव्या मजल्यावर का असेना." दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी विचारलं, शेत होतं तिकडे जाता का कधी? त्या म्हणाल्या, "गेले होते. रस्ते झालेत, चौक झालेत. बांध कुठे होता, विहीर कुठे होती, काही कळत नाही. पन्नास वर्षं राबले तिथे, आणि उभी कुठे आहे ते सांगता येईना. इथे निदान तू मोजून दाखवलंस."

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी बीबी यायच्या. रिक्षाने यायच्या, लिफ्टने पाचव्यावर जायच्या, एक छोटी घडीची खुर्ची मी त्यांच्यासाठी तिथे ठेवली होती, तिच्यावर बसायच्या. मटार सोलायच्या, स्वेटर विणायच्या, जपजीचा पाठ म्हणायच्या. दुपारी दीड-दोनला घरी.

मला विचित्र वाटलं ते दुसरंच. बीबी कधी हॉल तिरका ओलांडून जायच्या नाहीत. लिफ्टमधून बाहेर पडल्या की सरळ चालायच्या, मग काटकोनात वळायच्या, मग पुन्हा सरळ. मी नकाशा काढून पाहिला. त्या बोळातून चालत होत्या. नकाशात दोन ओळींच्या मध्ये जो बोळ आखला होता, त्यातून. मी त्यांना तो एकदाच दाखवला होता. "लोकांच्या घरांतून कसं जायचं?" त्या म्हणाल्या. काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की मीही तसाच चालतोय. एकटा असतानाही, काटकोनात वळून. एका पावसाळी सकाळी घाईत मी मधूनच चाललो, आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरात न विचारता शिरल्यासारखं वाटून थांबलो. आजूबाजूला सिमेंट होतं, दुसरं काही नव्हतं.

एकदा वर बोलण्याचा आवाज आला म्हणून गेलो. बीबी एकट्याच होत्या. उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून सांगत होत्या की तुझ्याकडे पाणी गळतंय, बघून घे. मला बघून जराही न लाजता म्हणाल्या, "पाचशे सोळावाला कॅनडात आहे ना? त्याच्या घरात गळतंय. तूच सांग त्याला." मी जाऊन पाहिलं. छताला खरंच ओल आली होती. वरच्या संडासाची नळी फुटली होती आणि माझ्या रोजच्या फेरीत ती मला दिसली नव्हती.

सुलभाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईंना वेड लागलेलं नाही. आपलं म्हणून बसायला जागा नको का माणसाला?" मग शुक्रवारी डब्यात दोन पोळ्या जास्त यायला लागल्या.

लूथरा म्हणून बिल्डरचा माणूस होता. सगळे व्यवहार तो बघायचा. एका बुधवारी त्याचा फोन आला. "तांबे जी, पार्टी आ रही है. फ्रायडे को, साढ़े ग्यारह. पूरा पाँचवाँ लेंगे, शायद छठा भी." बेंगळुरूची कंपनी, पाचशे माणसांचं ऑफिस. तो पुढे म्हणाला, "और वो माई जो बैठती है, वो नहीं दिखनी चाहिए. और वो चॉक-वॉक साफ़ करो. किसी को लगेगा यहाँ कोई झगड़ा है."

मी म्हणालो की त्यांची जागा आहे. तो म्हणाला, "जगह किराए पे चढ़ेगी तो उसी का भला है ना?"

यात खोटं काही नव्हतं. बीबींचंही भलं होतं, हरनामचं होतं, माझं होतं. इमारतीत पुन्हा माणसं येतील, या विचारानेच मला दोन दिवस झोप नीट लागली नाही. गुरुवारी दुपारी मी स्वतः बादली घेऊन पाचव्यावर गेलो आणि पाचशे सतरा पुसलं. खुर्ची स्टोअरमध्ये ठेवली. बीबींच्या घरी फोन लावला. सुनेचा नंबर होता, कोणी उचलला नाही. मग हरनामला सांगितलं, "बीबी आल्या तर म्हण, लिफ्ट बंद आहे, मंगळवारी या."

तो म्हणाला, "लिफ्ट तो चल रही है, साब."

"बंद आहे म्हणून सांग म्हटलं."

शुक्रवारी सकाळी लूथराने दोन गाड्या भरून माणसं आणली. सेक्टर ३४च्या क्लासेसच्या भागातून, दिवसाच्या बोलीवर. पंचवीस-तीस जण असतील. त्यांना तिसऱ्या मजल्यावर, जुन्या टेबलांवर बसवलं. पार्टीला वाटावं की इमारत चालू आहे. स्क्रीन बंद होत्या, कीबोर्डच्या वायरी कुठेच जोडलेल्या नव्हत्या. लूथरा म्हणाला, "हाथ चलाते रहना." आणि ती सगळी माणसं टाइप करायला लागली. किती वर्षांनी त्या मजल्यावर तो आवाज आला. मी दारात उभा होतो. कोणी बोलत नव्हतं, कोणी वर बघत नव्हतं, काळ्या काचेसमोर तीस जणांची बोटं चालली होती. त्याआधी ज्या मजल्यावरून मी एकटा इतकी वर्षं फिरलो होतो, तिथे मला त्या दिवशी थांबवेना.

हरनामने खालून फोन केला. बीबी येऊन परत गेल्या, म्हणाला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सव्वाअकराला शेवटची फेरी मारताना मागच्या जिन्याचं तळमजल्याचं दार उघडं दिसलं. सफाईवाल्याने वीट लावून ठेवलं होतं. लूथराने बजावलं होतं, आज कुठूनही कोणी आत येता कामा नये. मी वीट काढली, दार ओढलं आणि बाहेरून साखळी घालून कुलूप लावलं.

हे जरा समजावून सांगायला हवं. आगीसाठी जो जिना असतो, त्याची मजल्यांवरची दारं एकाच बाजूने उघडतात. मजल्यावरून जिन्यात जाता येतं, जिन्यातून मजल्यावर येता येत नाही. आग लागली तर माणसाने फक्त खाली आणि बाहेर जावं, म्हणून. बाहेर जायचं दार एकच, तळमजल्याचं. त्याला कधीही कुलूप घालायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. मी स्वतः तो लाल अक्षरांत लिहून त्या दारावर चिकटवला होता. साखळी घालताना तो कागद माझ्या नाकासमोर होता.

पार्टी आली. चार जण. त्यांच्यातल्या मुख्य एक बाई होत्या, शांत, सगळं नीट बघणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावरून त्या पटकन पुढे गेल्या. मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं. पाचव्यावर मात्र बराच वेळ थांबल्या. खांबांमधलं अंतर विचारलं, ते मी न बघता सांगितलं. चालत चालत मागच्या जिन्याच्या दाराजवळ आल्या आणि थांबल्या.

"ये आवाज़ किस चीज़ की है?"

ठक ठक ठक. थोडं थांबून, ठक ठक ठक.

"पाइप है, मॅडम," मी म्हणालो. "ऊपर टंकी में पानी चढ़ता है तो दीवार से लगता है. क्लॅम्प डलवा देंगे." मला हेही आठवतंय की ते सांगताना मला बरं वाटलं. कोणी विचारावं आणि मला माहीत असावं.

बाईंनी मान हलवली. आम्ही पुढे गेलो.

दीडला सगळे गेले. टाइप करणारी माणसंही गेली. मी खोलीत येऊन लॉगबुक उघडलं. साडेनऊ, फेरी. साडेदहा, पाण्याचा पंप. रोजच्या सवयीने 'चालू' लिहायला पेन टेकवलं आणि तसाच थांबलो. पंप मी आज चालूच केला नव्हता. पार्टीसमोर तो आवाज नको म्हणून टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.

मी जिन्याने गेलो की लिफ्टने, आठवत नाही. पाचव्यावरचं ते दार आतल्या बाजूने ढकललं. जिन्याला खिडकी नाही. दार उघडल्यावर वरचा दिवा लागला. बीबी दाराजवळच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. एका पायात जुत्ती नव्हती, ती हातात होती. तिच्या टाचेने दार वाजवून वाजवून टाचेचं चामडं निघालं होतं.

मी खाली बसलो. "बीबीजी."

त्या बोलेपर्यंत दिवा विझला. सेन्सरचा दिवा. आम्ही दोघंही हललो नव्हतो. अंधारात त्यांनी हात वर केला, सरावाने, माशी वारावी तसा, आणि उजेड झाला.

"हात हलवला की येतो," त्या म्हणाल्या. "म्हणून हलवत बसले."

हरनामने परत पाठवल्यावर त्या मागून वळसा घालून आल्या होत्या. दार उघडं दिसलं, जिना दिसला. लिफ्ट बंद असली म्हणून काय, पाच मजले चढता येतील. वर येऊन दार उघडेना, म्हणून खाली गेल्या, तर तिथलं दार बंद. पुन्हा पाच मजले चढून आल्या. खाली का नाही बसलात, असं मी नंतर विचारलं. "खाली माझं काय आहे?" त्या म्हणाल्या.

मी पाणी दिलं. त्या प्यायल्या, तोंड पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाइप."

एवढंच. दाराआडून त्यांनी ऐकलं होतं.

मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडलं. मुल्लानपूरच्या नव्या रुंद रस्त्यांवरून जाताना त्या काचेतून बाहेर बघत होत्या. सून दारात आली, मी जे झालं ते सगळं सांगितलं, साखळी कोणी घातली तेही. तिने मला आत बोलावलं नाही, आणि तेच योग्य होतं. परत येऊन मी लॉगबुकात लिहिलं: सव्वाअकरा, आगीच्या जिन्याचं दार मी साखळीने बंद केलं, आत एक व्यक्ती अडकली, दोन वाजून दहा मिनिटांनी बाहेर काढली. खाली सही केली. लूथराने दुसऱ्या दिवशी ते पान फाडायला सांगितलं. मी फाडलं नाही, त्याचा फोटो काढून बीबींच्या सुनेला पाठवला. महिनाअखेरीला माझी नोकरी संपली. बेंगळुरूच्या कंपनीने जागा घेतली नाही. त्यांनी म्हणे कुठेच घेतली नाही. इमारत आजही तशीच आहे. नव्या मॅनेजरला मी आठवडाभर सगळं शिकवलं आणि किल्ल्या दिल्या.

त्यानंतर दीड महिन्याने सुनेचा फोन आला. बीबींनी रविवारी इमारतीत बोलावलंय, मोजपट्टी घेऊन. मी सुलभाला म्हणालो, मला जायचं धैर्य नाही. ती म्हणाली, "मोजपट्टी मी शोधून ठेवते."

पाचव्यावर पंचवीस-एक माणसं होती. बहुतेक म्हातारी. निवृत्त कारकून, एका सुभेदाराची विधवा, दोन भाऊ जे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि रोपडचे एक मास्तर, बगलेत फाइल घेतलेले. बीबींनी रजिस्ट्रीतली नावं शोधून, गुरुद्वाऱ्यात, नात्यागोत्यात विचारत एकेकाला गाठलं होतं. सगळे लिफ्टसमोर घोळका करून उभे होते, आत पाय टाकायला कोणी तयार नव्हतं.

बीबींनी माझा दंड धरून मला पुढे केलं. "हाच तो. यानेच मला कोंडलं होतं," त्या सगळ्यांना म्हणाल्या. मला मान वर करता येईना. मग त्या म्हणाल्या, "मोजून याच्याकडूनच घ्या. मोजण्यात हा खोटं करत नाही."

मी मोजायला लागलो. सकाळी दहापासून. एकेक चौकोन आखत, दारं ठेवत, बोळ सोडत. ज्याचा चौकोन पुरा होई तो आत जाऊन उभा राही. दुपारपर्यंत त्या हॉलमध्ये जागोजागी माणसं उभी होती, प्रत्येक जण आपापल्या रेघांच्या आत, हळू आवाजात बोलत, जणू भिंतीपलीकडे कोणी ऐकेल. एका बाईने शेजारणीला विचारलं, येऊ का, आणि शेजारीण दाराच्या जागी येऊन म्हणाली, या. कोणी हसलं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, पण मला तिथून जावंसंही वाटत नव्हतं.

शेवटी मास्तर राहिले. त्यांचा नंबर पाचशे एकोणचाळीस. मी खांबापासून मोजत गेलो, आणि पट्टी लिफ्टच्या दारावर जाऊन टेकली. पुन्हा मोजलं. नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. तिसऱ्यांदा मोजलं. कुठेतरी कोणीतरी नकाशा बदलला होता आणि विकताना जुनाच वापरला होता. पाचशे एकोणचाळीस लिफ्टच्या पोकळीत येत होतं.

मास्तर जवळ येऊन उभे राहिले. "किधर आया जी?"

मी दार दाखवलं. "मास्टरजी, आपका कमरा यहाँ है. मतलब, है नहीं."

त्यांनी फाइल दुसऱ्या बगलेत घेतली. मग पुढे होऊन लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं. ते आत जाऊन उभे राहिले, आरशात बघितलं, छताकडे बघितलं, आणि दार बंद व्हायच्या आत पुन्हा बाहेर आले. "अच्छा," ते म्हणाले. "छोटा है."

सगळे आपापल्या चौकोनातून त्यांच्याकडे बघत होते. ते कुठे उभं राहावं हे न कळून तिथेच, दारासमोर उभे राहिले.

तेव्हा बीबी पाचशे सतरामध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्या, खुर्ची भिंतीकडे, म्हणजे भिंतीच्या रेघेकडे सरकवली, जमिनीवर आपली चुन्नी अंथरली, आणि म्हणाल्या, "मास्टरजी, बोळातून या. इकडे बसा."

मास्तर बोळातून गेले. दारात जोडे काढले.